माघ ते चैत्र : उल्हास खोऱ्यातल्या हवेचा मागोवा

उल्हास नदीच्या खोऱ्यात माघाच्या उत्तरार्धापासून चैत्राच्या मध्यापर्यंत हवेचा भरवसा नसतो. पहाटे बांधावर पाय ठेवला की तो दहिवराने भिजतो. दुपारी त्याच बांधावरून वावटळ पालापाचोळा गरगर फिरवत नेते आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा पांघरूण ओढावे लागते. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण इथेही सर्रास चालते. पण थंडी एका रात्रीत पळत नाही, आठवडाभर ये-जा करून मगच जाते.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातले जांभूळ हे गाव या चंचल हवेच्या अगदी वाटेवर आहे. पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत 40 किलोमीटरहून लांब पडतो, पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि दक्षिणेकडे मलंगगड, चंदेरी, माथेरानची डोंगररांग आहे. डोंगरांच्या मधल्या या मोकळ्या पट्टीतून वाऱ्याला ये-जा करायला सोपी वाट मिळते. म्हणूनच इथली फाल्गुनातली हवा समजून घ्यायची, तर आधी वारे ओळखावे लागतात.

पहिला वारा उत्तरेचा. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकतात आणि पंजाब-हरियाणाच्या मैदानांवर पाऊस, गारा व सोसाट्याचा वारा आणतात. तिकडे गव्हाच्या ओंब्या भरण्याचे दिवस हेच असल्याने शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडी गार हवा राजस्थान-गुजरातवरून उत्तर कोकणात उतरते. मैदानांवरची थंडी उल्हास खोऱ्यात पोहोचते ती अशी.

दुसरा वारा पूर्वेचा. दख्खनच्या पठारावर आधीच तापलेली हवा सुमारे 600 मीटरचा घाट उतरते आणि दर 100 मीटरला साधारण एक अंशाने आणखी तापते. पायथ्याच्या गावांना तिची झळ सर्वांत आधी लागते. तिला उतारा असतो तो फक्त तिसऱ्या वाऱ्याचा, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचा. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी थांबतात आणि खारे वारे सुरू होतात. ते मुंबईत अकराच्या सुमारास लागले, तरी जांभूळ-बदलापूरपर्यंत यायला त्यांना आणखी दोन-तीन तास लागतात. पूर्वेच्या वाऱ्याने त्यांना अडवून धरले, तर दुपार कोरडी आणि भाजणारी जाते. फाल्गुनातला एखादा दिवस सुसह्य जाणार की नाही, हे बहुतेक वेळा या दोन वाऱ्यांच्या झुंजीवरच ठरते. चौथा वारा दमट, बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आणणारा. तो उत्तरेकडच्या कोरड्या हवेला भिडला की मळभ दाटते आणि अवकाळी पाऊस पडतो.

या पट्ट्याच्या जुन्या हवामानाचा मागोवा मुख्यतः मुंबईच्या नोंदींवरून घ्यावा लागतो. कुलाब्याची वेधशाळा 1826 साली उभी राहिली, तर उपनगरांसाठी सांताक्रूझच्या नोंदी ग्राह्य धरल्या जातात. अलीकडे बदलापूर परिसरात हौशी निरीक्षकांनी स्वतःची यंत्रे बसवली आहेत. पूर्वेचा वारा असलेल्या दुपारी त्यांचे आकडे सहसा सांताक्रूझच्या वर असतात, तर हिवाळी पहाटे काही अंश खाली. त्यामुळे सांताक्रूझचा आकडा वाचताना जांभूळची दुपार त्याहून कडक असणार, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सांताक्रूझचा मार्चमधला उच्चांक फार जुना आहे. 28 मार्च 1956 रोजी तिथे पारा 41.7 अंशांवर गेला होता. फेब्रुवारीचा उच्चांकही तसाच जुना, 25 फेब्रुवारी 1966 चा, 39.6 अंशांचा. वसंतातला कडाका ही काही एकविसाव्या शतकाची देणगी नाही, हे या दोन आकड्यांवरून कळते. उलट बाजूचे उदाहरण 2008 चे. त्या वर्षी 8 फेब्रुवारीला सांताक्रूझचे किमान तापमान एक आकडी झाले. उत्तरेचा गार वारा इतका खाली आला की एरवी स्वेटर ट्रंकेत ठेवायच्या दिवसांत मुंबईकरांनी शेकोट्या पेटवल्या.

2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात जी गारपीट झाली, तिचा मुख्य फटका घाटमाथ्यापलीकडे मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्राला बसला. 2015 मध्ये फेब्रुवारी संपता संपता आणि 1 मार्चला अवकाळी पाऊस आला, त्यात मुंबईही भिजली. त्यानंतरच्या काही वर्षांत उष्णतेचेच दिवस ठळक दिसतात: 25 मार्च 2018 ला सांताक्रूझला 41 अंश, 27 मार्च 2021 ला 40.9. देशभराचा विचार केला तर 2022 चा मार्च 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्याच वर्षी 23 जानेवारीला पाकिस्तानातून उठलेली धूळ गुजरातवरून मुंबई-ठाण्यापर्यंत आली होती आणि दिवसभर आभाळ मातकट राहिले. वायव्येकडच्या वाऱ्याची वाट किती लांबची असते, हे त्या दिवशी गाड्यांच्या काचांवर साचलेल्या थराने दाखवून दिले.

2023 हे वर्ष या चंचलपणाचा उत्तम नमुना आहे. त्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान 1901 पासून सर्वाधिक होते. लगेच पुढच्या आठवड्यात, 6 मार्चला होळीच्या रात्री, ठाणे-पालघर पट्ट्यात वारा सुटला, विजा चमकल्या आणि पाऊस पडला.

अशा पावसाचा मार नेमका कुठे बसतो, हे वीटभट्टीवर दिसते. बदलापूर-अंबरनाथ भागात पावसाळ्यानंतर भट्ट्या लागतात आणि त्यांवर कातकरी कुटुंबे मे महिन्यापर्यंत राबतात. साच्यातून काढलेली कच्ची वीट उन्हात सुकायला ओळीने मांडलेली असते. तासभराच्या सरीने तिच्या कडा विरघळतात, ओळी एकमेकींत मिसळतात आणि सकाळी उरतो तो नुसता चिखल. पाथलेल्या विटेच्या हिशेबाने मजुरी ठरलेल्या कुटुंबाची कित्येक दिवसांची मेहनत त्यात जाते. भाताचा पेंढा आणि काढून ठेवलेला वाल भिजतो, तेही नुकसानच. तरी सर्वांत जास्त हानी भट्टीवरच्या मजुराची होते, आणि तीच सर्वांत कमी मोजली जाते.

शेतकरी मात्र फाल्गुनातल्या वाऱ्याचा उपयोगही करून घेतो. भाताच्या रोपवाटिकेसाठी जमीन भाजण्याचा राब याच दिवसांत होतो. शेण, फांद्या, पाला आणि गवत यांचे थर रचून वर माती पसरतात. आग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकेल अशा कडेने पेटवली, तर ती सावकाश धुमसते आणि माती नीट भाजते. वारा अचानक फिरला, तर जाळ झपाट्याने पुढे पळतो, पाला जळून जातो आणि खालची माती कच्चीच राहते.

2025 च्या फेब्रुवारीत वाऱ्यांनी वेळ साधली ती अंबरनाथच्या जत्रेची. 26 फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. पूर्वेच्या वाऱ्याने समुद्राचा वारा रोखला होता आणि हवामान विभागाने 25 आणि 26 तारखेला मुंबई, ठाणे, रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. सांताक्रूझचा पारा 38.7 अंशांपर्यंत चढला. शके 982 म्हणजे 1060 च्या शिलालेखाने ओळखल्या जाणाऱ्या वालधुनीकाठच्या या शिवमंदिरात महाशिवरात्रीला मोठी गर्दी लोटते. लोक अनवाणी रांगेत उभे राहतात आणि दुपारपर्यंत दगडी फरशी तापते. त्या महिन्याचे देशाचे सरासरी तापमानही 1901 पासूनचे सर्वाधिक निघाले.

उष्णता लवकर आली की नदीवरही तिचा परिणाम दिसतो. बारवी धरणाचे पाणी उल्हासमधून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्याला जाते. 2019 मध्ये उंची वाढल्यावर धरणाची साठवण सुमारे 340 दशलक्ष घनमीटर झाली, तरी ते पाणी पावसाळ्यापर्यंत पुरवायचे असते आणि ऊन व वारा बाष्पीभवन वाढवतात. संथ झालेल्या प्रवाहात जलपर्णी फोफावते. वारा दिशा बदलतो तसा तिचा हिरवा गालिचा एका काठावरून सरकून दुसऱ्या काठाला लागतो.

चैत्रात जांभळाला मोहर येतो. ज्या झाडाच्या फळामुळे बदलापूरला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची फुले पांढरट हिरवी आणि फार नाजूक असतात. जोराचा वारा आला की झाडाखाली केसरांचा बारीक भुसा पसरतो. मोहरावर सर पडली, तर फलधारणा घटते. चैत्र अर्धा सरतो तसे दुपारचे खारे वारे रोजच्या रोज वेळेवर लागू लागतात, पहाटेचे दहिवर बंद होते आणि मोहर गळून फांद्यांवर हिरवे मणी दिसू लागतात.