काळा पाषाण वितळतो, मग भट्टीची वीट का टिकते?

गाळप हंगाम सुरू झाला की लातूर-नांदेड पट्ट्यातले साखर कारखाने रात्रंदिवस चालतात. विलासनगरचा 'मांजरा' असो की अर्धापूर तालुक्यातला 'भाऊराव चव्हाण', बॉयलर पेटल्याशिवाय गाळप नाही. रस काढल्यावर उरलेलं बगॅस हेच तिथलं जळण. बॉयलरमधली बरीचशी उष्णता पाण्याच्या नळ्या घेतात. पण भट्टीचा तळ, दारं आणि कोपरे यांना आगीपासून वाचवायला वेगळं अस्तर लागतं. या अस्तराच्या पदार्थांना रिफ्रॅक्टरी, म्हणजेच उच्चतापसह पदार्थ म्हणतात.

हे अस्तर ढासळलं तर बॉयलर थंड करून दुरुस्ती करावी लागते. तोवर तोडलेला ऊस गाडीतच वाळतो, वजन घटतं आणि फटका शेतकऱ्याला बसतो.

आपला दगड का चालत नाही?

मराठवाड्यात काळ्या पाषाणाला तोटा नाही. पण हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हाच आहे. साधारण 1100 ते 1250 अंश सेल्सिअसला तो पुन्हा वितळू लागतो. घराच्या लाल विटेचीही तीच गत. तिच्या मातीतलं लोह, चुना आणि पोटॅश यांमुळे ती लवकर मऊ पडते. रिफ्रॅक्टरी म्हणवून घ्यायचं तर पदार्थ साधारण 1500 अंशांपर्यंत तरी टिकायला हवा.

मुख्य प्रकार कोणते?

1. फायरक्ले वीट: सगळ्यात जास्त वापरली जाणारी आणि तुलनेनं स्वस्त. हिची माती बहुधा दगडी कोळशाच्या थरांजवळ सापडते. अ‍ॅल्युमिना साधारण 25 ते 45 टक्के.

2. हाय अ‍ॅल्युमिना वीट: शुद्ध अ‍ॅल्युमिना 2050 अंशांच्या आसपास वितळतो. त्यामुळे त्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकी वीट सहसा जास्त ताप सोसते. किंमतही तशीच चढते.

3. सिलिका: 1700 अंशांच्या आसपास वितळते.

4. मॅग्नेशिया: 2800 अंशांपर्यंत टिकतो, पण ओलावा लागला तर फुगून भुगा होतो. म्हणून पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावा लागतो.

5. इन्सुलेशन वीट आणि सिरॅमिक फायबर: हलके आणि हवेच्या पोकळ्यांनी भरलेले. यांचं काम उष्णता अडवून जळण वाचवणं. वितळलेल्या धातूसमोर यांना उघडं ठेवत नाहीत.

6. कास्टेबल: पाण्यात कालवून काँक्रीटसारखं ओतायचं मिश्रण. वाकड्यातिकड्या जागी उपयोगी.

फक्त तापमान पाहून चालेल का?

नाही. पहिला प्रश्न रसायनाचा. सिलिका आम्लधर्मी, तर मॅग्नेशिया अल्कधर्मी. मराठवाड्यातच जालन्याला लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतल्या इंडक्शन भट्ट्यांना बहुधा सिलिकाच्या रॅमिंग मासचं अस्तर असतं. त्यात चुन्याचं प्रमाण जास्त असलेली मळी तयार झाली, तर ती अस्तर खात सुटते. अस्तर पातळ होऊन वितळलेलं पोलाद बाहेरच्या, पाणी खेळवलेल्या तांब्याच्या कॉइलपर्यंत पोचलं, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. अस्तराची जाडी वेळेवर तपासणं म्हणजे कामगाराचा जीव जपणं.

बगॅसच्या राखेतही सिलिका आणि पोटॅश असतं. ही राख विटेवर चिकटून काचेसारखा थर तयार करते आणि हळूहळू वीट झिजवते.

दुसरा प्रश्न तापमानाच्या चढउताराचा. सिलिकातला क्वार्ट्झ 573 अंशांच्या आसपास अचानक प्रसरण पावतो. त्यामुळे घाईनं तापवलेली सिलिका वीट तडकते. कास्टेबलची अडचण वेगळी. त्यातलं पाणी बाहेर पडण्याआधीच मोठी आग दिली, तर आत कोंडलेली वाफ अस्तराचे तुकडे उडवते. म्हणून नवं अस्तर टप्प्याटप्प्यानं तापवतात. हंगाम तोंडावर आला की नेमकी इथंच घाई होते.

वीट घेताना काय बघाल?

गुऱ्हाळाचं चुलवाण असो, हॉटेलची तंदूर भट्टी असो की छोटी फाउंड्री, दुकानदाराला अ‍ॅल्युमिनाचं प्रमाण विचारा. 'आयएस 6' हे मध्यम तापाच्या फायरक्ले विटांचं आणि 'आयएस 8' हे जास्त तापाच्या विटांचं भारतीय मानक आहे. सांधे पातळ ठेवा आणि साध्या सिमेंटऐवजी त्याच जातीचा फायरक्ले मॉर्टर वापरा. साधं सिमेंट काहीशे अंशांनंतरच ताकद गमावू लागतं. मग वीट कितीही महागाची असली तरी भिंत आधी सांध्यातूनच सुटते.