व्हेराक्रूझचा कबजा : सांगितलेलें कारण व तारखांचा क्रम

स्वारी करणारा जें कारण जाहीर करतो, तेंच स्वारीचें कारण मानावें काय, हा प्रश्न जुने कागद चाळणाऱ्यांस वारंवार पडतो. इ. स. 1914 च्या एप्रिलांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आरमारानें शेजारच्या मेक्सिकोचें व्हेराक्रूझ बंदर घेतलें. तो प्रसंग या दृष्टीनें मननीय वाटल्यावरून त्याची हकीकत येथें तारीखवार देत आहों.

मेक्सिकोंत 1910 पासून राज्यक्रांति चालू होती. फेब्रुवारी 1913 मध्यें सेनापति हुएर्ता यानें अध्यक्ष मादेरो यांस पदच्युत केलें. लवकरच मादेरो यांचा खून झाला. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीं हुएर्ताच्या सरकारास मान्यता दिली नाहीं. ता. 9 एप्रिल 1914 रोजीं टँपिको बंदरांत ‘डॉल्फिन’ या अमेरिकन जहाजाचे कांहीं खलाशी इंधन नेण्यास आले असतां मेक्सिकन शिपायांनीं त्यांस धरलें, व थोड्याच वेळानें दिलगिरी दर्शवून सोडलें. ॲडमिरल मेयो यांचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. अमेरिकन निशाण उभारून त्यास 21 तोफांची सलामी द्यावी, अशी त्यांनीं मागणी केली. उलट सलामी मिळाल्याखेरीज हुएर्ता ती देईना.

ता. 20 रोजीं विल्सन यांनीं निशाणाचा अपमान पुढें करून सैन्य वापरण्यास काँग्रेसची संमति मागितली. सिनेटचा ठराव होण्यापूर्वींच, ता. 21 रोजीं, ॲडमिरल फ्लेचर यांचे लोक किनाऱ्यावर उतरले. परंतु अपमान झाला टँपिकोस आणि फौज उतरली दक्षिणेस दूर व्हेराक्रूझला. आणि जकातघर ताब्यांत घेणें हें तिचें पहिलें काम होतें. हें कोडें मधल्या रात्रीच्या तारांनीं उलगडतें. हुएर्तासाठीं शस्त्रें घेऊन ‘इपिरांगा’ हें जर्मन जहाज व्हेराक्रूझला येत असल्याची बातमी वॉशिंग्टनास पोंचली, आणि माल उतरण्यापूर्वीं जकातघर घेण्याचा हुकूम सुटला. अपमानाचा राग खोटा होता, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र वेळ व ठिकाण शस्त्रांनीं ठरविलें.

मेक्सिकन सेनापति मास यांनीं फौज शहराबाहेर काढली, तरी आरमारी पाठशाळेचे विद्यार्थी व नागरिक लढले. व्हिर्हिलिओ उरिबे हा विद्यार्थी पडला. होसे आसुएता हा तरुण अधिकारी जखमी होऊन पुढें वारला. दुसऱ्या दिवशीं जहाजांवरील तोफांनीं पाठशाळेवर मारा केला. हुएर्ताचा कट्टा वैरी कारांसा यानेंही या स्वारीचा निषेध केला.

एवढें होऊन ‘इपिरांगा’नें आपला माल मे महिन्यांत पुएर्तो मेक्सिको बंदरांत उतरविलाच. ता. 15 जुलै रोजीं हुएर्तानें पद सोडलें, ता. 23 नोव्हेंबर रोजीं अमेरिकन फौज परतली. मागितलेली सलामी अखेरपर्यंत झडली नाहीं.

भाषण व जाहीरनामा यांपुरतेंच पाहणारा या प्रकरणांत निशाणापाशींच थांबेल. जकातघरापर्यंत नेते ती तारेची वेळ. म्हणून मजकूर उतरून घेतांना पाठीवरील तारीख, वेळ व ठिकाण यांचा शेरा गाळूं नये, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.