चाई : नाव, व्याधी आणि उपचाराची निवड

डोक्यावरील किंवा दाढीमिशांतील केस एखाद्या नाण्याएवढ्या जागेपुरते समूळ जाऊन तेथील त्वचा गुळगुळीत दिसू लागणे, या विकारास मराठीत 'चाई' म्हणतात. नाव लहान आहे आणि रोगाच्या कारणाविषयी ते काहीच सांगत नाही. हा त्याचा गुणच मानला पाहिजे. कारण याच विकाराची अन्य नावे काही ना काही सांगू पाहतात आणि बहुधा चुकीचे सांगतात. संस्कृत वैद्यकातील 'इंद्रलुप्त' या नावात देवतेचा हात सूचित होतो. युरोपीय वैद्यकातील 'अलोपेशिया' हा शब्द कोल्ह्याच्या ग्रीक नावावरून आला. लूत भरलेल्या कोल्ह्याचे केस झडतात, एवढाच त्याचा आधार. त्याला 'एरिआटा' हे विशेषण १७६३ साली फ्रेंच वैद्य सोवाज याने जोडले व तेव्हापासून ते जोडनाव रूढ झाले. वाग्भटाने इंद्रलुप्ताची जी पर्यायी नावे नोंदली आहेत त्यांत 'चाचा' हे एक आहे. स्वरांमध्ये सापडलेला 'च' प्राकृतात लोप पावतो, हे ध्यानी घेता 'चाचा'पासून 'चाई'पर्यंतचा मार्ग आखण्याचा मोह होतो. तथापि केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. मधल्या काळातील रूपे हाती आल्यावाचून हा मोह आवरलेलाच बरा.

नावापेक्षा त्याच्याबरोबर येणारे क्रियापद अधिक बोलके आहे. मराठीत चाई 'पडते' आणि चाई 'लागते'ही. 'पडणे' या क्रियापदात दोष कोणाकडेच जात नाही. पाऊस पडतो, खळी पडते, तशी चाई पडते. 'लागणे' म्हटले की मात्र ती कोठून तरी, कोणापासून तरी आली असे होते; 'लागण' हा संसर्गवाचक शब्द याच धातूचा. चाई संसर्गाने होत नाही. तरीही ज्या घरात ती 'लागली' म्हणतात तेथे मुलाचा कंगवा, टॉवेल, उशी वेगळी केली जाते आणि शाळेत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागते. हे सारे एका क्रियापदाने घडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते क्रियापद त्यास साहाय्य करते, यात शंका नाही.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. येथे रुग्ण व वैद्य यांची भाषा एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. मूल-सिंदेवाहीकडे झाडीबोली, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीतील विस्थापितांच्या वसाहतींत बंगाली. अशा बहुभाषिक प्रदेशात दवाखान्यातील व्यवहार मोजक्या सामाईक मराठी शब्दांवर चालतो, आणि त्वचेवरील कोणत्याही वेगळ्या दिसणाऱ्या जागेसाठी असा शब्द म्हणजे 'चट्टा'. हा शब्द येथे कुष्ठरोगाने व्यापलेला आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची. म्हणजे गेली सात दशके 'चट्टा' आणि 'बधिरपणा' हे शब्द या भागात जोडीनेच ऐकू येत आहेत. त्या प्रचाराने असंख्य रुग्ण वेळीच उपचाराखाली आले, हे त्याचे यश. परंतु त्याच यशाची छाया चाईवर पडते. डोक्यावर 'चट्टा' उठला एवढे शब्द कानी पडताच आईच्या मनात जो रोग येतो तो चाई नव्हे.

वस्तुतः या दोहोंतील भेद घरच्या घरी बराचसा कळतो. कुष्ठरोगात डोक्यावरील केस बहुधा शाबूत राहतात. भुवया विरळ होतात, आणि चट्ट्यावर स्पर्श वा टोचणी कळत नाही. चाईची जागा सर्व काही जाणते. तिचा रंग पालटत नाही, तिला खपली धरत नाही. खपली, कंड आणि खुरटे तुटके केस असतील तर, विशेषतः मुलांत, तो बुरशीचा नायटा असण्याचा संभव अधिक. त्यास पोटातून बुरशीनाशक औषध लागते आणि चाईचे मलम त्यावर लावल्यास तो बळावतो. चाईच्या कडेला मात्र मुळाशी बारीक व टोकाशी जाड असे उद्गारचिन्हासारखे आखूड केस दिसतात. कित्येकांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डेही पडतात.

नाव निदानाच्या आधी धावले म्हणजे काय होते, याचे उदाहरण विदर्भातच अलीकडे घडले. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून पडले. तपासणीचे निष्कर्ष येण्यापूर्वीच 'टक्कल व्हायरस' हे नाव वृत्तपत्रांतून सर्वत्र झाले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातील गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार असल्याचे कारण मांडले. ती चाई नव्हती आणि विषाणूही नव्हता.

चाईत घडते ते असे. शरीराची प्रतिकारशक्ती सामान्यतः केसाच्या मुळाकडे दुर्लक्ष करते. ते मूळ जणू तिच्या पहाऱ्याच्या बाहेर असते. काही व्यक्तींत हे अभय नाहीसे होते आणि रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी त्या मुळाभोवती गोळा होऊन त्याच्यावर चालून जातात. केस गळतो; पण मूळ मरत नाही. उपचारांचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. शंभरांतील सुमारे दोघांना आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो. ज्यांना एकदोनच ठिकाणी चाई पडली आहे अशांपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या रुग्णांचे केस वर्षाच्या आत कोणत्याही औषधाविना परत येतात. म्हणूनच चाईवरचा प्रत्येक उपाय कोणा ना कोणाला 'लागू पडलेला' असतो, आणि प्रत्येक गावात चाईचा एक तरी नामांकित जाणकार आढळतो. मात्र लहानपणीच सुरू झालेली, कानामागून मानेवर पट्ट्यासारखी पसरणारी किंवा सगळे डोके व्यापणारी चाई इतकी सहज परतत नाही.

जुन्या वैद्यकातील उपाय या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. दूषित पित्त वायूसह केसांच्या मुळांत शिरून केस पाडते आणि नंतर कफ व रक्त रोमकूप बुजवून टाकतात, अशी सुश्रुताची मांडणी आहे. रोमकूप बुजला, नष्ट झाला नाही, हे तिचे गृहीत आजच्या ज्ञानाशी जुळते. उपाय म्हणून तो त्वचेला फासण्या टाकून वर गुंजेचा लेप सांगतो. वाग्भटाच्या यादीत गुंजेचे मूळ व फळ, कळलावीचे मूळ, कण्हेरीचा रस, धोत्र्याच्या पानांचा रस आणि भिलाव्याचा रस आहे. ही सर्व द्रव्ये विषारी वा दाहक आहेत आणि यांतील बहुतेक या दोन जिल्ह्यांत अंगणात वा रानात सहज मिळतात. येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. सोनाराच्या तराजूत वजन म्हणून जी गुंज शतकानुशतके बसली तिच्या कठीण कवचाखाली ॲब्रिन नावाचे जहाल विष असते. अखंड बी पोटात गेले तर पुष्कळदा तसेच बाहेर पडते. परंतु कुटलेली गुंज फासण्या टाकलेल्या त्वचेवर लावणे म्हणजे ते विष रक्तापर्यंत पोचवणे होय. बिब्याचे तेल ज्याला उतते त्याच्या टाळूवर फोड येऊन व्रण राहतो, आणि त्या व्रणाखाली मात्र केसाचे मूळ खरोखरच मरते. बरी होऊ शकणारी चाई अशा रीतीने कायमचे टक्कल होऊन बसते. कांद्याचा रस त्यामानाने निरुपद्रवी. बगदाद येथील एका चाचणीत तो साध्या पाण्यापेक्षा सरस ठरल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. पण ती चाचणी फारच थोड्या रुग्णांवरील होती.

त्वचेला चिथवून प्रतिकारशक्तीचे लक्ष दुसरीकडे वळवावयाचे, ही कल्पना मात्र आधुनिक वैद्यकानेही टाकलेली नाही. डायफेनिलसायक्लोप्रोपिनोन या रसायनाचा दोन टक्क्यांचा द्राव लावून प्रथम त्वचेस त्याची ॲलर्जी आणतात आणि नंतर अतिसौम्य प्रमाणापासून आरंभ करून दर आठवड्याला ते टाळूवर लावतात. मोठ्या क्षेत्रावरील चाईसाठी हा मान्य उपचार आहे. बिबा आणि हे रसायन यांतील अंतर मात्रेचे व देखरेखीचे आहे, आणि नेमकी देखरेखच भामरागडच्या रुग्णास दुर्लभ आहे. दर आठवड्याला, महिनोन् महिने, जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे, आणि पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या प्रदेशात उपचाराची निवड औषधाच्या सामर्थ्यावर जितकी अवलंबून आहे तितकीच रुग्ण किती वेळा परत येऊ शकतो यावर आहे. मर्यादित चाई असलेल्या प्रौढासाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची बारीक सुईने त्या जागेतच दिलेली इंजेक्शने. ती चार ते सहा आठवड्यांनी घ्यावयाची असतात. म्हणजे महिन्याच्या बाजारास येणाऱ्याला ती जमू शकतात. औषध फार खोल वा फार तीव्र दिले गेल्यास त्वचेवर खळगा पडतो, तो बहुधा पुढे भरून येतो. सहा महिन्यांत गुण न दिसल्यास ती चालू ठेवण्यात अर्थ नाही. लहान मुलांना ही टोचणी सोसत नाही. त्यांच्यासाठी क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड मलम ठरावीक मुदतीपुरते देतात. मिनॉक्सिडिलचा द्राव जोडीला उपयोगी पडतो. एकटा तो अपुरा आहे.

पोटातून देण्याच्या स्टेरॉइडांविषयी या जिल्ह्यांत विशेष सावधगिरी हवी. चाई वेगाने पसरत असेल तेव्हा आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस गोळी देण्याची पद्धत भारतीय त्वचारोगतज्ज्ञांत रूढ आहे. परंतु येथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि अशा रुग्णांत स्टेरॉइडने, विशेषतः ते थांबवल्यानंतर, वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. रक्ताची ती तपासणी आधी झालेली असावी.

अलीकडची औषधे प्रतिकारपेशींचा निरोप पेशीच्या आतच अडवतात. त्यांपैकी बॅरिसिटिनिब यास अमेरिकेत जून २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. बारा वर्षांवरील मुलांसाठी रिटलेसिटिनिब हे २०२३ मध्ये आले. निम्म्याहून अधिक डोके केशहीन झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत बॅरिसिटिनिबच्या चार मिलिग्रॅम मात्रेने ३६ आठवड्यांनंतर शंभरांतील ३५ ते ३९ जणांचे डोके बहुतांशी भरले. औषधाविना गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण तीन ते सहा होते. आकडा थोर आहे. पण गोळी थांबवली की केस पुष्कळदा पुन्हा जातात, आणि सुप्त क्षयरोग जागा होण्याचा धोका असल्याने ती तपासणी केल्याशिवाय हे औषध सुरू करावयाचे नसते. जेथे क्षयरोग अद्याप घरोघर ठाऊक आहे तेथे ही अट औपचारिक नव्हे.

काहीही न करणे हाही एक रीतसर पर्याय आहे, मात्र तो निदानानंतरचा. एकच लहान चाई असलेल्या मुलाच्या बाबतीत वर्षभर थांबण्याचा सल्ला देणारा वैद्य हयगय करीत नसतो. हे त्याने रुग्णाच्या भाषेत सांगितले पाहिजे, आणि 'लागली' या शब्दाऐवजी 'पडली' हा शब्द वापरला पाहिजे. परत येणारे केस आरंभी पुष्कळदा पांढरे व लवेसारखे मऊ असतात. घरची मंडळी ते पाहून औषधाने मूल म्हातारे केले असे समजतात आणि उपचार सोडून देतात. वास्तविक तेच केस पुढे बहुधा रंग धरून काळे होतात.