ज्यांच्या हाती चेंडू येत नाही त्यांचा सामना

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल नावाने फुटबॉल असला तरी त्यात पायांचे काम थोडे आणि खांद्यांचे फार असते. शिवाय हा खेळ नव्याने पाहणाऱ्याची नजर चेंडूमागे धावत राहत असल्याने सामना जिथे ठरत असतो ती जागा बहुधा तिच्यातून निसटते. १ जानेवारी २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील रोझ बोल स्टेडियमवर मिशिगन आणि अलाबामा या विद्यापीठांच्या संघांत झालेला कॉलेज फुटबॉल प्लेऑफचा उपान्त्य सामना या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मिशिगनने तो ओव्हरटाइममध्ये २७-२० असा जिंकला. परंतु या गुणफलकापेक्षा मैदानावरच्या जोड्या कोणत्या होत्या आणि त्यांत कोण कोणाला भारी पडले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

त्या हंगामापर्यंत प्लेऑफमध्ये केवळ चार संघांना प्रवेश मिळत असे आणि ते चार कोण हे एक निवड समिती ठरवीत असे. मिशिगन अपराजित राहून पहिल्या क्रमांकावर आले होते, तर अलाबामाने आपल्या विभागाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला २७-२४ असे हरवून चौथी जागा मिळवली होती. एकही सामना न हरलेल्या फ्लोरिडा स्टेटला मात्र, त्याचा प्रमुख खेळाडू जायबंदी झाल्याचा विचार करून, समितीने बाहेर ठेवले, आणि त्यावरून मोठा वाद उठला. सगळे सामने जिंकूनही विजेतेपदासाठी खेळण्याची संधी नाकारणारी पद्धत न्याय्य म्हणता येणार नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

खेळाचे मूळ सूत्र सोपे आहे. प्रत्येकी अकरा खेळाडूंचे दोन संघ शंभर यार्डांच्या मैदानावर समोरासमोर उभे राहतात. ज्याच्याकडे चेंडू असतो त्या संघाला किमान दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात, आणि दहा यार्ड पार झाले की नवे चार डाउन मिळतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेल्यास सहा गुणांचा टचडाउन होतो, त्यानंतरच्या लाथेने एक जादा गुण मिळू शकतो, आणि दुरून लाथ मारून चेंडू उभ्या खांबांमधून धाडल्यास तीन गुणांचा फील्ड गोल होतो. प्रत्येक डाउनची सुरुवात ‘स्नॅप’ने होते, म्हणजे मधोमध वाकलेला सेंटर हा खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे देतो, आणि चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हाती सोपवायचा की स्वतः घेऊन धावायचे हे पुढच्या दोन-तीन क्षणांत अमलात येते. हे क्षण मिळवून देण्याचे काम सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन गार्ड आणि कडेचे दोन टॅकल, अशा पाच जणांच्या भिंतीचे असते.

या सामन्यातील सर्वांत महत्त्वाची जोड हीच होती: अलाबामाची ही पाच जणांची भिंत आणि मिशिगनची बचावाची आघाडीची फळी. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन मिलरो याची ताकद दुहेरी होती, कारण तो लांब पल्ल्याची फेक करू शकत असे आणि वाट बंद झाली तर वेगाने पळूनही जाऊ शकत असे. परंतु लांब फेकीसाठी साथीदार दूरवर पोहोचेपर्यंत चेंडू हातात धरून ठेवावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत भिंत फुटली तर क्वार्टरबॅक चेंडूसह मागेच पाडला जातो. याला ‘सॅक’ म्हणतात, आणि त्यात एक डाउन तर जातोच, शिवाय आधी मिळवलेली जमीनही हातची जाते. अलाबामाच्या भिंतीच्या उजव्या कडेला जे. सी. लेथम हा अनुभवी टॅकल होता, मात्र डाव्या कडेला केडिन प्रॉक्टर हा महाविद्यालयातील पहिल्याच वर्षाचा खेळाडू होता. मिशिगनचे बचाव-प्रशिक्षक जेसी मिंटर यांच्या आघाडीत मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट यांच्यासारखे आडदांड खेळाडू होते खरे, पण त्यांनी भर केवळ अंगबळावर दिला नाही. स्नॅप होताच दोन बचावपटूंनी आपापल्या वाटा अदलाबदल करून एकमेकांच्या मागून घुसायचे, ज्यामुळे समोरच्याला कोणाला अडवायचे तेच क्षणभर उमगत नाही, अशी ‘स्टंट’ नावाची चाल त्यांनी वारंवार वापरली. पहिल्या अर्ध्यातच मिलरोचे पाच सॅक झाले, पूर्ण सामन्यात सहा, आणि फेकीतून त्याला अवघे ११६ यार्ड मिळवता आले. अलाबामाच्या सेंटरचे काही स्नॅप खाली आल्यामुळे मिलरोची नजर बचावाऐवजी चेंडूवर खिळली आणि भिंतीमागे मिळणारा तुटपुंजा वेळ आणखी आक्रसला.

उलट बाजूची जोडही तितकीच अवघड होती. मिशिगनचा संघ ब्लेक कोरम या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन गर्दीतून धावणाऱ्या खेळाडूच्या, जोरावर उभा होता. पण त्याला वाट काढून देणाऱ्या भिंतीतील झॅक झिंटर हा मातब्बर गार्ड नोव्हेंबरमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध पाय मोडल्याने बाहेर गेला होता आणि समोर अलाबामाचे डॅलस टर्नर आणि क्रिस ब्रॅसवेल हे कडेने घुसणारे वेगवान बचावपटू होते. या अडचणीवर मिशिगनने काढलेला तोडगा असा की क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी याने चेंडू फार वेळ न धरता जवळच्या खेळाडूकडे चटकन फेकावा. म्हणूनच कोरमचा पहिला टचडाउन धावण्यातून नव्हे, तर झेल घेऊन झाला. मॅकार्थीने २७ फेकींपैकी १७ यशस्वी करून २२१ यार्ड आणि तीन टचडाउन मिळवले. दूर धावणारे झेलकरी आणि त्यांना चिकटून राहणारे कॉर्नरबॅक यांच्या जोडीची चर्चा बरीच झाली होती. परंतु मिलरोला फेकायला वेळच मिळेना, त्यामुळे त्या आघाडीवर अपेक्षित झुंज रंगली नाही.

मिशिगनचा घात जवळजवळ केला तो तिसऱ्याच बाजूने. चौथ्या डाउनला चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिपक्षाला देतात, त्या लाथेला ‘पंट’ म्हणतात, आणि तो झेलणे, फील्ड गोल मारणे ही कामे ‘स्पेशल टीम्स’ म्हणून ओळखली जाणारी वेगळी तुकडी करते. पहिल्याच सत्रात मिशिगनच्या खेळाडूच्या हातून पंट निसटला, अलाबामाने तो उचलला आणि जेस मॅकक्लेलनने ३४ यार्ड धावत टचडाउन केला. पुढे मिशिगनच्या एका टचडाउननंतरचा जादा गुण फसलेल्या स्नॅपमुळे गेला, आणि एक फील्ड गोलही हुकला. अलाबामाच्या विल राइकर्डने मात्र ५० आणि ५२ यार्डांवरून दोन फील्ड गोल साधले. आपल्या भिंतीची दुरवस्था पाहून उत्तरार्धात फेकीऐवजी धावण्यावर भर देणाऱ्या अलाबामाला चौथ्या सत्रात २०-१३ अशी आघाडी मिळाली, तिचे बरेचसे श्रेय मिशिगनच्या या चुकांकडे जाते.

सामना निसटत असताना मिशिगनने ७५ यार्डांची मजल आठ चालींत मारली. त्यात स्वतःच्याच अर्ध्यात, चौथ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना, पंट न करता मॅकार्थीने कोरमकडे छोटी फेक केली आणि कोरमने २७ यार्ड कापले. ती फेक चुकली असती तर सामना तिथेच आटोपला असता. १ मिनिट ३४ सेकंद उरले असताना रोमन विल्सनने टचडाउन केला आणि २०-२० अशी बरोबरी झाली. तरीही शेवटच्या मिनिटात मिशिगनच्या हातून आणखी एक पंट निसटला, आणि तो आपल्याच शेवटच्या रेषेपासून जेमतेम एका यार्डावर कसाबसा परत मिळाला. तो त्या रेषेमागे अडकला असता तर ‘सेफ्टी’च्या दोन गुणांनी विजय अलाबामाचा झाला असता.

ओव्हरटाइममध्ये प्रत्येक संघाला प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेषेवरून एक संधी मिळते. कोरमने ८ आणि १७ यार्डांच्या दोन धावांत टचडाउन केला. अलाबामा तीन यार्डांपर्यंत पोहोचले आणि चौथ्या, म्हणजे अखेरच्या डाउनला प्रशिक्षक निक सेबन यांच्या संघाने मिलरोलाच मधोमध धाववण्याची चाल निवडली. संपूर्ण सामन्यात सर्वांत दुबळ्या ठरलेल्या जागेवर निर्णायक चाल सोपवण्याचा हा निर्णय समर्थनीय वाटत नाही, जरी मिलरोच्या पायांतील ताकद पाहता तो अनाकलनीयही नव्हता. स्नॅप पुन्हा खाली आला, मिशिगनच्या डेरिक मूर आणि त्याच्या साथीदारांनी भिंत मागे रेटली, आणि मिलरो शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचू शकला नाही.

बचावातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मेसन ग्रॅहमला मिळाला. आठवड्याभराने, ८ जानेवारीला, ह्यूस्टन येथे मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, तर सेबन यांनी १० जानेवारीला निवृत्ती जाहीर केल्यामुळे रोझ बोलमधील हा पराभव त्यांच्या प्रशिक्षक-कारकिर्दीचा अखेरचा सामना ठरला. पुढच्या हंगामापासून प्लेऑफमध्ये चाराऐवजी बारा संघ खेळू लागले.