राजवाड्यातली रेघ

१९४२ सालची गोष्ट. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रुझवेल्ट लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात पाहुण्या म्हणून उतरल्या. न्हाणीघरात पाहतात तो काय, टबाच्या आत एक रेघ मारलेली! पाणी त्या रेघेपर्यंतच घ्यायचं. उंची फक्त ५ इंच! दुसरं महायुद्ध चालू होतं आणि पाणी तापवायचं इंधन वाचवायचं होतं. प्रत्यक्ष राजालाही सूट नव्हती.

त्या काळी ब्रिटनमध्ये लोणी, साखर, मांस रेशनवर मिळत असे. हे रेशन ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं आणि जुलै १९५४ मध्ये संपलं. गोळ्या-चॉकलेटंसुद्धा रेशनवर होती, बरं का! १९४९ मध्ये त्यांच्यावरचं बंधन उठवलं, तर दुकानांत अशी झुंबड उडाली की काही महिन्यांतच ते पुन्हा घालावं लागलं.

आता ही जुनी गोष्ट आज कशाला? तर २००६ च्या सुमारास ब्रिटनमधल्याच काही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपण होऊन अशीच एक रेघ मारून घेतली. पाण्याची नव्हे, कार्बनची! त्यांच्या गटांचं नाव होतं 'कार्बन रेशनिंग ॲक्शन ग्रुप'. विजेचा आणि गॅसचा मीटर वाचायचा, मोटारीचा आणि विमानाचा प्रवास लिहून ठेवायचा, आणि त्यातून किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला याचा हिशेब मांडायचा. वर्षाची मर्यादा आधीच ठरलेली. काही गटांत ती ओलांडणाऱ्यानं जादा किलोंचा दंडही भरायचा.

वायू किलोत कसा मोजणार, असं वाटलं ना? १ लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. पण ते जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तयार होतो सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड! आपल्याकडे बरीचशी वीज कोळशापासून होते, म्हणून १ युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम धरायला हरकत नाही.

हिशेब सोपा होता. अवघड होता तो शब्द! 'रेशन' म्हटलं की लोकांना रांगा, टंचाई आणि युद्ध आठवायचं. नावानंच माणूस दचकला तर गटात येणार कसा? मग 'अलाउन्स' हा मऊ शब्द पुढे आला. २००६ मध्ये डेव्हिड मिलिबँड या मंत्र्यांनी प्रत्येक नागरिकाला कार्बनचा ठरावीक वाटा द्यावा, अशी कल्पना मांडली, तेव्हाही हाच शब्द वापरात होता. पण या शब्दाचा घरगुती अर्थ काय? हातखर्चाचे पैसे! आणि हातखर्च हा तर संपवायचाच असतो, नाही का? २००८ मध्ये तिथल्या सरकारनं ही कल्पना काळाच्या फार पुढची आहे म्हणून बाजूला ठेवली.

मग खरा शब्द कोणता? रेशनच्या आठवणीत कडू रांग होती, तशी एक गोड गोष्टही होती: राजवाड्यातही रेशनचं पुस्तक होतं. 'सगळ्यांना नियम सारखा' हे पटलं, म्हणून लोकांनी ते सोसलं. म्हणजे नुसत्या गोड नावानं काम भागत नाही. मर्यादा आहे हे सांगायलाच हवं, आणि ती सगळ्यांना आहे हेही दिसायला हवं.

समजा, तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, 'एसी वापरणारे पृथ्वीचे शत्रू!' काय होईल? दुसऱ्या मजल्यावरचे काका बैठकीला फिरकणारच नाहीत. त्याऐवजी लिहा, 'गेल्या महिन्यात आपल्या जिन्यातले दिवे आणि पंपाला इतके युनिट लागले. पुढच्या महिन्यात त्यातले दहावा भाग कमी करू या.' यात आकडा आहे, मुदत आहे आणि 'तुम्ही' नाही, 'आपण' आहे. शिवाय सुरुवात सामायिक विजेपासून आहे, कुणा एकाच्या घरापासून नाही.

आणखी एक गोष्ट. एका घरात आजारी आजोबा असतील, त्यांना रात्रभर पंखा लागेल. दुसऱ्या घरात आधीच एकच दिवा जळत असेल. त्या घराला 'अजून कमी करा' म्हणणं बरोबर होईल का? म्हणून मर्यादा ठरवताना आधी विचारावं, मग लिहावं. ज्याचा वापर जास्त, त्यानं आधी हात आखडावा.

ब्रिटनमधले ते गट पुढे विरळ होत गेले. पण त्यांनी सोडलेला प्रश्न आपल्यासाठीही आहे. येत्या रविवारी एक काम करा. आई-बाबांना बरोबर घेऊन मीटरचा आकडा वहीत लिहा, आठ दिवसांनी पुन्हा लिहा, वजाबाकी करा आणि उत्तराला ०.७ नं गुणा. तो झाला तुमच्या घराचा विजेमुळे आठवड्यात होणारा कार्बन डायऑक्साइड, किलोमध्ये. आता त्या आकड्याखाली रेघ कुठे मारायची, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि हो, त्या रेघेला काय म्हणायचं, हेसुद्धा!