पाणबुडी नंतर, हाड आधी

सकाळी साडेनऊ. न्यू अलिपूरच्या प्राणी विज्ञान भवनात दिवस अल्कोहोलच्या वासानं सुरू होतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं हे मुख्यालय. संस्था 1916 सालची. माझ्याकडे पॉलिकीट, म्हणजे बहुतेक समुद्रात राहणारे वलयी किडे. कोलकात्याच्या उकाड्यात बाटल्यांतलं अल्कोहोल उडतं, म्हणून आधी भर घालायची. स्टोअरमधले दादा खालच्या फळ्या घेतात, मी वरच्या.

साडेदहा. रत्नागिरीच्या एका विद्यार्थ्याचा ईमेल : "मॅडम, देवमाशाची हाडं खाणाऱ्या किड्याची नवी जात शोधायची आहे. पाणबुडी कुठे मिळते?" उत्तर संध्याकाळी.

अकरा. सूक्ष्मदर्शकाखाली किनाऱ्यावरचा नीरिस हा पॉलिकीट. त्याचे जबडे घशात आत ओढलेले असतात, मग चिमटा आणि बारीक सुरी. घशावरचे दाते तपासायचे, अंगाच्या दोन्ही कडांचे राठ केस ग्लिसरिनमध्ये ठेवून पाहायचे, चित्र काढायचं. पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरची 'नीरिस धृतिए' ही जात अशाच तपासणीतून पुढे आली. नाव संस्थेच्या पहिल्या महिला संचालक धृती बॅनर्जी यांच्यावरून.

हाडखाऊ ओसेडॅक्स नेमका इथेच अडवतो. मादीला तोंड नाही, आतडं नाही, जबडा तर नाहीच. ती हाडात मुळं सोडते, आम्ल पाझरवून हाड विरघळवते. पोट भरायला मुळांतले जिवाणू हातभार लावतात. बहुतेक जातींचे नर इतके बारीक, की एकेका मादीच्या नळीत शंभरावर सापडलेत. मग जात ओळखायची कशावरून? मुळांच्या ठेवणीवरून, बाहेरच्या तुऱ्यावरून, डीएनएवरून. तुऱ्याचा रंग अल्कोहोलात टिकत नाही, तेव्हा फोटो जिवंतपणीच हवा. फॉर्मलिन डीएनए बिघडवतं, तेव्हा एक तुकडा थेट अल्कोहोलात. आणि किडा ओढला, की तुरा हातात येतो, मुळं हाडातच राहतात. आणायचं ते हाडच!

दीड. डबा. माझी पोळीभाजी, शेजारी माछ-भात, अदलाबदल ठरलेली.

अडीच. ग्रंथालय. इंडियन म्युझियमच्या पॉलिकीटांवरचा फॉवेल यांचा 1932 चा ग्रंथ चाळल्याशिवाय 'नवी जात' म्हणायची सोय नाही. जुन्या बाटलीत आधीच बसलेला किडा नवा म्हणून जाहीर करणं, यापरती नामुष्की आमच्या धंद्यात नाही.

पाच. मातीच्या भांडातला चहा आणि विद्यार्थ्याला उत्तर.

"फेब्रुवारी 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात, 2,891 मीटर खोलीवर, देवमाशाच्या सांगाड्यावर ओसेडॅक्सचे लाल तुरे पहिल्यांदा दिसले. तेही शिंपले शोधताना, आणि पाण्यात माणूस नव्हता. वरून चालवलेलं यंत्र होतं. दोन जातींना नावं मिळाली ती 2004 मध्ये. मधला काळ टेबलावर गेला. पुढे स्वीडनजवळ एक जात अवघ्या सव्वाशे मीटरवर मिळाली, मुद्दाम बुडवलेल्या देवमाशावर. तेव्हा पाणबुडी नंतर बघू.

कोकणात वाहून आलेल्या देवमाशाच्या हाडांना वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नकोस. वन्यजीव कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात आहे. पण देवमासाच हवा असं नाही, मॉन्टेरेत गुरांच्या हाडांवरही ओसेडॅक्स वाढलेत. नवी जात मिळालीच, तर जैवविविधता कायद्याप्रमाणे नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागेल. कोलकाता चालेल, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही चालेल. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिही. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते."