मेंदूतील पुटीकृमी रोग

डुकरातील पट्टकृमीच्या (टीनिया सोलियम) डिंभावस्थेमुळे मानवी मेंदूत होणारा रोग. प्रौढ कृमी माणसाच्या आतड्यात राहतो व त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती डुकराने खाल्ल्यास त्याच्या स्नायूंत पुटी (द्रवयुक्त पिशव्या) तयार होतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूचा रोग मात्र अंडी पोटात गेल्याने होतो. कृमिबाधित व्यक्तीचे अस्वच्छ हात, दूषित पाणी व न धुतलेली कच्ची भाजी यांतून अंडी पसरत असल्याने शाकाहारी व्यक्तींनाही हा रोग जडतो.

अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ रक्तावाटे मेंदूत पोहोचतो व तेथे सामान्यतः ५ ते १५ मिमी. व्यासाची पुटी बनते. जिवंत पुटीभोवती प्रतिक्रिया अल्प असल्याने कित्येक वर्षे लक्षणे दिसत नाहीत. डिंभ मरू लागला म्हणजे शोथ (दाहयुक्त सूज) उद्भवून अपस्माराचे झटके येतात. पुढे पुटी विरून जाते किंवा तिच्या जागी कॅल्शियमयुक्त गाठ राहते. अशा गाठीभोवती तंत्रिका ऊतकाची जागा व्रणऊतक घेते आणि तेथे पुन्हा सूज येऊन अनेक वर्षांनीही झटके येऊ शकतात. मस्तिष्क विवरांतील पुटीमुळे मस्तिष्क-मेरुद्रवाचा मार्ग अडल्यास विवरे फुगून जलशीर्ष होते व भोवतालचा मेंदू दाबला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा रोग प्रचलित असलेल्या प्रदेशांत अपस्माराच्या सु. ३० टक्के रुग्णांत तो कारणीभूत असतो. १९७० नंतरच्या दशकांत संगणकीय छेदचित्रण उपलब्ध झाल्यावर निदान सुलभ झाले. अल्बेंडाझोल, शोथरोधी स्टेरॉइडे व अपस्माररोधी औषधे यांनी उपचार करतात. जलशीर्षात शस्त्रक्रिया लागते. झटक्यांना दैवी कोप मानून उपचार लांबविणे घातक ठरते.

याच गणातील टीनिया मल्टिसेप्स या कृमीचा प्रौढ कुत्र्यात व डिंभ मेंढीच्या मेंदूत वाढतो. वाढत्या पुटीच्या दाबाने मेंदू झिजतो, कधी कवटीचे हाडही पातळ होते आणि मेंढी एकाच बाजूस गोल फिरू लागते. सातारा जिल्ह्यातील माण व सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी या मेंढपाळीच्या तालुक्यांत कळपासोबत कुत्रेही असते. म्हणून मृत मेंढीचे डोके कुत्र्याला खाऊ न देणे व कुत्र्यांना नियमित कृमिनाशक देणे महत्त्वाचे ठरते. मानवी रोगाच्या प्रतिबंधासाठी शौचालयाचा वापर, हात धुणे आणि पट्टकृमीबाधितांवर उपचार हे मुख्य उपाय होत.